नवी जकूझी: पहिल्यांदा उतरण्याआधी नळ्यांतलं जुनं पाणी कसं काढायचं

नवी जकूझी घरी आली की पाणी भरायचं, हीटर लावायचा आणि रात्री सगळ्यांनी उतरायचं, असा बेत ठरलेलाच असतो. तो बेत दोन-तीन दिवस पुढे ढकला. टब नवा असला तरी आतून कोरा नसतो. कारखान्यातून बाहेर पडण्याआधी बहुतेक टब पाण्याने भरून, पंप चालवून, गळती आहे का ते तपासतात. तपासणी झाली की पाणी सोडून देतात, पण सगळं पाणी बाहेर येत नाही. पंपाच्या पोटात, हीटरच्या नळीत, जेटकडे जाणाऱ्या लवचिक पाइपांना जिथे झोळ पडतो तिथे आणि हवेच्या बारीक नळ्यांत मिळून काही लिटर पाणी राहतंच. पुढे तो टब गोदामात, कंटेनरमध्ये, बंदरावर आणि डीलरच्या शेडमध्ये आठवडे किंवा महिने पडून असतो. त्या पाण्यातलं क्लोरीन केव्हाच उडून गेलेलं असतं, आणि उन्हात तापलेल्या कंटेनरमध्ये ते कोमट राहतं.

अशा पाण्यात जिवाणू नुसते तरंगत नाहीत, ते पाइपच्या आतल्या भिंतीला चिकटून स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. आठवडाभर न घासलेल्या माठात हात फिरवला की जे लागतं, तेच हे. याला बायोफिल्म म्हणतात. क्लोरीन या थराच्या वरच्या भागाशी लढण्यातच खर्च होतं आणि आतले जिवाणू सुरक्षित राहतात. म्हणून नव्या टबात दुकानदाराने दिलेलं क्लोरीन टाकून काम भागत नाही. आधी थर सुटा करायचा, मग तो पाण्यासकट बाहेर काढायचा आणि त्यानंतर निर्जंतुक करायचं. क्रम उलटा केलात तर क्लोरीन वाया जातं आणि थर जागेवर राहतो.

धोका कितपत आहे? टबच्या कोमट पाण्यात स्यूडोमोनास हा जिवाणू वाढला तर अंगावर, विशेषतः पोहण्याच्या कपड्याखाली, खाज सुटणारे लाल पुटकुळे येतात. ते बहुतेकदा आपोआप जातात. लेजिओनेला मात्र वेगळा आहे. तो पाण्याच्या सूक्ष्म तुषारांतून फुप्फुसात जातो आणि गंभीर न्यूमोनिया करतो. त्यासाठी पाण्यात उतरावंही लागत नाही. १९९९ साली नेदरलँड्समधल्या बोव्हनकार्स्पेल गावी फुलांच्या प्रदर्शनात मांडलेल्या व्हर्लपूल टबमुळे लेजिओनेलाची साथ पसरली आणि किमान ३२ माणसं दगावली. ती टबात बसली नव्हती, प्रदर्शन बघत जवळून गेली होती. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटला २०१२ साली आणि अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या एका जत्रेत २०१९ साली पुन्हा असंच झालं, आणि दोन्ही ठिकाणी संशयाची सुई नुसत्या दाखवायला चालू ठेवलेल्या टबांकडेच वळली. टबांमुळे होणारा तिसरा त्रास मायकोबॅक्टेरियम एव्हियम गटाच्या जिवाणूंचा. त्यांचे तुषार वारंवार श्वासात गेले तर फुप्फुसांना सूज येते आणि खोकला, दम लागणं महिनोन्‌महिने चालतं.

पन्नाशीच्या पुढचे, सिगारेट ओढणारे किंवा पूर्वी ओढलेले, दमा किंवा सीओपीडीचे (फुप्फुसांचा जुनाट आजार) रुग्ण, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असलेले, प्रत्यारोपण झालेले यांनी खालचं सगळं काम होईपर्यंत टबच्या आसपासही थांबू नये. हौसेने मदतीला येणाऱ्या आजोबांना घरात चहा द्या.

पुढच्या पायऱ्या फिल्टर आणि हीटर असलेल्या, पाणी बरेच दिवस ठेवायच्या टबसाठी आहेत. लोणावळा, कर्जत, अलिबागच्या बंगल्यांच्या अंगणात किंवा परदेशातल्या आपल्या लोकांच्या बॅकयार्डमध्ये असतात तो प्रकार. बाथरूममध्ये बसवलेल्या जेटच्या टबचं गणित वेगळं, ते शेवटी सांगितलं आहे. हिशेबासाठी सगळीकडे १,२०० लिटरचा टब धरला आहे.

आधी जमवायचं सामान आणि कागद

- टबची नेमकी क्षमता, लिटरमध्ये. माहितीपुस्तिकेत नसेल तर भरताना पाण्याच्या मीटरचे आकडे टिपा. पुढचे सगळे डोस यावर ठरतात, अंदाज चालत नाही.
- पाइपलाइन साफ करायचं पर्ज. 'आह-सम'सारखं जेल किंवा 'स्पा सिस्टिम फ्लश' प्रकारचं द्रावण. स्विमिंग पूलचं सामान विकणाऱ्यांकडे मागवावं लागतं, म्हणून टब यायच्या आधीच मागवा.
- क्लोरीन. सोडियम डायक्लोरचे दाणे (५५–५६ टक्के क्लोरीन) किंवा सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे कॅनमध्ये मिळणारं 'हायपो'.
- डीपीडी पद्धतीचं टेस्ट किट. फ्री (मोकळं, जिवाणू मारायला तयार असलेलं) आणि टोटल (घाणीशी बांधलं गेलेलंही धरून) क्लोरीन वेगवेगळं दाखवणारं.
- पीएच उतरवायला सोडियम बायसल्फेट, क्षारता वाढवायला खाण्याचा सोडा.
- स्वयंपाकघरातला नसलेला, वेगळा डिजिटल काटा. मापाचा प्लास्टिकचा मग, बादली.
- पाणीही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर. नसेल तर दोन दिवस भाड्याने आणा, पण याच्याशिवाय काम सुरू करू नका.
- रबरी हातमोजे, डोळ्यांना गॉगल, जुनी सुती फडकी.
- वॉरंटी कार्ड, माहितीपुस्तिका, सिरियल नंबरच्या पट्टीचा फोटो.

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, या यादीत मुद्दाम नाही. गावाकडे विहिरीत टाकायला ती उत्तम, टबात नको. तिच्यातला न विरघळणारा चुना हीटरवर आणि जेटमध्ये बसतो. पूलसाठी मिळणाऱ्या ट्रायक्लोरच्या गोळ्याही नकोत. त्या फार आम्लधर्मी असतात, आणि टबच्या तळाशी पडून राहिल्या तर ॲक्रिलिकवर कायमचा डाग पाडतात.

१. डीलरला विचारायचे प्रश्न

टब कारखान्यात पाणी भरून तपासला होता का? तपासल्यावर पाइप हवेने फुंकून काढले का? बनवल्याची तारीख काय? शोरूममध्ये कधी पाणी भरून चालवला होता का? उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या, म्हणजे पुढे वॉरंटीचा वाद झाला तर हाताशी राहतील.

'पूर्ण कोरडा आहे' असं सांगितलं तरी पुढचं काम टाळू नका. सांगणाऱ्याने पाइप उघडून पाहिलेले नसतात. डिस्प्ले पीस घसघशीत सवलतीत मिळत असेल तर घ्या, पण तो चालवून, अर्धवट रिकामा करून, पुन्हा महिनाभर तसाच ठेवलेला असतो असं धरून चला. अशा टबात चौथी पायरी दोनदा करा.

अमेरिका, कॅनडात असाल तर एक प्रश्न जास्तीचा: पाइपांत अँटिफ्रीझ घातलं आहे का? थंडीत पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून काही ठिकाणी प्रॉपिलीन ग्लायकोल भरतात. ते विषारी नसलं तरी फेस करतं आणि क्लोरीन खातं. असेल तर पर्जच्या आधी साध्या पाण्याने एकदा भरून रिकामं करा.

२. पाणी भरण्याआधी

मेन स्विच बंद ठेवा. बाजूचं पॅनेल उघडा. पंप आणि हीटरच्या दोन्ही टोकांना मोठ्या प्लास्टिकच्या नटांचे जोड असतात, त्यांना युनियन म्हणतात. ट्रकच्या हिसक्यांनी ते सैल होतात. हाताने घट्ट करा, पान्याने आवळू नका, चीर जाते. ड्रेन व्हॉल्व्ह उघडून काय येतं पाहा. कपभर करडं, वास मारणारं पाणी आलं तर आत काय आहे याची कल्पना आलीच.

फिल्टरची कार्ट्रिज काढून बाजूला ठेवा. साफसफाईत ती आत राहिली तर सुटलेली घाण तिच्या चुण्यांत अडकते आणि नंतर सावकाश परत पाण्यात येते. डोक्याखालच्या उशाही काढा, जास्त क्लोरीनने त्या पांढऱ्या पडतात. पाणी ओढणाऱ्या तोंडांवरच्या जाळ्या मात्र कधीच काढायच्या नाहीत.

टबसाठी ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) वेगळा आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडला पाहिजे. पडला नाही तर पुढे जाऊ नका.

३. पहिलं भरणं

होज पाइप आधी दोन मिनिटं बाहेर वाहू द्या. उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी टबच्या पाइपांइतकंच शिळं असतं. मग होजचं तोंड टबात न सोडता फिल्टर बसतो त्या खोबणीतल्या नळीत घाला. पाणी तिथून पंपात आणि पंपातून जेटकडे जातं, त्यामुळे अडकलेलं शिळं पाणी पुढे ढकललं जातं आणि पंपात हवा अडकत नाही. वरून भरलेल्या टबात हमखास हवा अडकते, पंप घरघरतो पण पाणी ढकलत नाही. तसं झालंच तर पंप बंद करा, पंपाच्या वरच्या बाजूची युनियन किंचित सैल करा, हवा फुसकन निघून पाण्याचा थेंब आला की परत घट्ट करा.

सगळे जेट पाण्याखाली जातील इतकं भरा. मगच मेन स्विच चालू करा. कोरडा हीटर काही मिनिटांत जळतो आणि त्याला वॉरंटी मिळत नाही.

पाणी कुठलं, यावरही बरंच ठरतं. दख्खनच्या बोअरचं पाणी बहुधा जड असतं, हीटरवर क्षार धरतं. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीन पडताच ते तांबूस किंवा हिरवट होतं आणि लोक घाबरतात, त्याचा जिवाणूंशी संबंध नसतो. या पहिल्या भरण्याला टँकरचं किंवा बोअरचं पाणी चालेल. शेवटच्या भरण्याला शक्य तर नगरपालिकेचं वापरा. तीन भरणांना मिळून साडेतीन हजार लिटरच्या वर पाणी लागतं, उन्हाळ्यात टँकरवर असाल तर आधीच सांगून ठेवा.

४. पर्ज: थर सुटा करणं

पाणी ३५ अंशांच्या आसपास तापवा, गार पाण्यात पर्ज मंद चालतं. पाण्यात १० पीपीएम, म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम, क्लोरीन टाका (१,२०० लिटरला डायक्लोर सुमारे २१ ग्रॅम), म्हणजे सुटणारे जिवाणू मोकळे फिरणार नाहीत. मग डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात पर्ज घाला. जास्त घातल्याने जास्त साफ होत नाही, फेस मात्र टबच्या बाहेर अंगणभर येतो.

आता खरं काम. सुरुवातीची १५ मिनिटं हवेचे नॉब बंद ठेवून सगळे पंप जोरात चालवा. हवा बंद असली की तुषार कमी उडतात. या वेळी वारा तुमच्याकडून टबाकडे जाईल अशा बाजूला, लांब उभे राहा. टब खोलीत असेल तर खिडक्या उघडून बाहेर या. त्यानंतर हवेचे नॉब उघडा, कारण हवेच्या नळ्यांतही पाणी शिरलेलं असतं आणि तिथला थर हवा खेळवल्याशिवाय सुटत नाही. ब्लोअर असेल तर तोही पाच-पाच मिनिटं चालवा.

प्रत्येक जेट पूर्ण उघडा आहे का पाहा. पाणी एका बाजूच्या आसनाकडून दुसरीकडे वळवणारा मोठा नॉब दर १५ मिनिटांनी फिरवा. तो मध्येच राहिला तर दोन्हीकडे अर्धवट जोर मिळतो. मानेचे जेट, धबधबा, कारंजं, पायाकडचे जेट, सगळं आळीपाळीने. जो फाटा चालवला नाही तो साफ झालेला नाही. बऱ्याच टबांचे पंप १५–२० मिनिटांनी आपोआप बंद होतात, तेव्हा परत बटण दाबत राहावं लागतं. एकूण दोन-तीन तास धरा.

काय बाहेर येईल? तपकिरी, करडा किंवा हिरवट फेस, पाण्याच्या रेषेवर चिकट कडं, कधी काळसर कपटे. ते कडं लगेच फडक्याने पुसून फडकं फेकून द्या, नाहीतर वाळून बसतं. पांढरे प्लास्टिकचे बारीक तुकडे किंवा पीव्हीसीचा भुसा आला तर तो कारखान्यात पाइप कापतानाचा असतो, घाबरायचं कारण नाही. नव्या टबात पांढरा फेस आणि एवढंच निघालं तर उत्तम. करडं-तपकिरी भरपूर आलं तर रिकामा करून पर्ज पुन्हा करा, घाण येणं थांबेपर्यंत. काहीच आलं नाही म्हणून सहावी पायरी मात्र गाळायची नाही.

५. खरोखर रिकामा करणं

मेन स्विच बंद. नुसता ड्रेन उघडून टब रिकामा होत नाही. ज्या कारणाने कारखान्यातलं पाणी आत राहिलं, त्याच कारणाने तुमचं पर्जचं घाणेरडं पाणीही राहणार. ड्रेन थांबला की पायाच्या खळग्यातलं पाणी व्हॅक्यूमने ओढा. मग एकेका जेटच्या तोंडाला व्हॅक्यूमची नळी लावून ओढा, शेजारचे जेट ओल्या फडक्याने झाकून, नाहीतर नुसती हवा येते. फिल्टरच्या खोबणीतल्या नळीतून ओढा. पंपाच्या तळाला लहान प्लग असेल तर तो काढून पाणी जाऊ द्या, आणि तो परत लावला का हे दोनदा पाहा. मोजून पाहिलंत तर या सगळ्यात बादलीभर पाणी सहज निघतं.

हे पाणी झाडांना, विहिरीजवळ किंवा नाल्यात सोडू नका. सेप्टिक टँकमध्येही नको, तिथले उपयोगी जिवाणू मरतात. सांडपाण्याच्या लाइनला जाऊ द्या. सोसायटीत स्वतःचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) असेल तर चालवणाऱ्याला आधी कळवा.

६. क्लोरीनचा मोठा डोस

टब साध्या पाण्याने धुऊन पुन्हा भरा, परत फिल्टरच्या नळीतूनच. आधी पीएच ७.२ ते ७.४ वर आणा. हे गाळलं तर पुढचं क्लोरीन अर्धं वाया जातं, कारण पीएच ७.५ ला त्याचा निम्माच भाग जोमाने मारणाऱ्या रूपात असतो आणि ८ ला जेमतेम पाव.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेची लेजिओनेला सापडलेल्या टबसाठी सांगितलेली रीत २० पीपीएम क्लोरीन १० तास फिरतं ठेवायची आहे. नव्या टबलाही तीच लावा. हिशेब असा:

- १,००० लिटर पाण्यात १० पीपीएमला डायक्लोर १८ ग्रॅम, किंवा १० टक्के हायपो १०० मिलि, किंवा ५ टक्के हायपो २०० मिलि.
- म्हणजे १,२०० लिटरला २० पीपीएमसाठी डायक्लोर ४३ ग्रॅम किंवा १० टक्के हायपो २४० मिलि.

हायपो उन्हात आणि उकाड्यात झपाट्याने दुबळं होतं. कॅनवर १० टक्के लिहिलेलं असलं तरी दुकानाबाहेर उन्हात ठेवलेल्या कॅनमध्ये तेवढं उरलेलं नसतं. ताजं, सावलीत ठेवलेलं घ्या, आणि डोस टाकल्यावर मोजूनच विश्वास ठेवा.

मोजताना दोन गफलती होतात. पहिली: डीपीडी किटचा गुलाबी रंग क्लोरीन फार जास्त असेल तर क्षणात उडून पाणी पांढरं दिसतं. माणसाला वाटतं क्लोरीन शून्य आहे, आणि तो अजून ओततो. म्हणून टबचं एक माप पाणी आणि बाटलीबंद पाण्याची नऊ मापं मिसळून मोजा, आलेला आकडा दहाने गुणा. दुसरी: ग्रामपंचायतीत पिवळा रंग बघायची जी ओटी टेस्ट करतात, ती फ्री आणि बांधलेलं क्लोरीन वेगळं दाखवत नाही. नळाच्या पाण्याला ती चालते, इथे चालत नाही.

झाकण उघडं ठेवा, बंद झाकणाखाली क्लोरीनच्या वाफांनी त्याचं अस्तर खराब होतं. पहिला तासभर सगळे पंप आणि नॉब आळीपाळीने चालवा, मग साधं फिरतं ठेवा आणि दर दोन-तीन तासांनी सगळे फाटे पुन्हा दहा मिनिटं. क्लोरीन २० च्या खाली गेलं की भर घाला. ते वारंवार आणि वेगाने घसरत असेल तर आत अजून खाणारं काहीतरी आहे, चौथ्या पायरीवर परत जा.

इथे रसायनांबद्दल एकदा स्पष्ट बोलू. डायक्लोर, हायपो, टीसीएल आणि ट्रायक्लोर कोरडे किंवा घट्ट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत, आग लागते किंवा स्फोट होतो. एकाचा ओला चमचा दुसऱ्याच्या डब्यात घालणंसुद्धा यातच आलं. क्लोरीन आणि आम्ल, यात संडास साफ करायचं आम्लही धरा, एकत्र आले की विषारी वायू सुटतो. नेहमी रसायन पाण्यात घालायचं, रसायनावर पाणी ओतायचं नाही. एक टाकल्यावर पंप चालू ठेवून किमान १५ मिनिटांनी दुसरं.

दहा तास झाले की झाकण उघडं ठेवून जेट चालू द्या, ऊन आणि हवेने क्लोरीन उतरतं. १ पीपीएमच्या खाली आलं की पाचव्या पायरीप्रमाणे रिकामा करा. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन मारता येतं. मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं.

पाण्याची फारच टंचाई असेल तर एक तडजोड आहे. हा डोस हायपोचा असेल, पाणी नितळ आणि बिनफेसाचं असेल, तर रिकामं न करता क्लोरीन ५ पीपीएमपर्यंत उतरू द्या आणि तेच पाणी ठेवा. डायक्लोर वापरलं असेल तर ही तडजोड करू नका, २० पीपीएमबरोबर पाण्यात सुमारे १८ पीपीएम सायन्यूरिक आम्लही आलेलं असतं आणि ते क्लोरीनला मंद करतं.

७. शेवटचं भरणं

फिल्टर आता बसवा. भरून झाल्यावर या क्रमाने: एकूण क्षारता ८० ते १२० पीपीएम, मग पीएच ७.२ ते ७.८, मग पाण्याचा जडपणा १५० ते २५० पीपीएम, शेवटी क्लोरीन. क्षारता १० पीपीएमने वाढवायला १,००० लिटरला १७ ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो. धुण्याचा सोडा वापरू नका, तो पीएच एकदम उडवतो. बोअरच्या पाण्याची क्षारता बहुधा आधीच जास्त असते, तिथे सोडा लागतच नाही.

रोजचं क्लोरीन किमान ३ पीपीएम, ब्रोमीन वापरत असाल तर किमान ४. रोजच्यासाठी हायपो बरं. डायक्लोर सोयीचं आहे, पण १० पीपीएम क्लोरीनमागे ९ पीपीएम सायन्यूरिक साठत जातं. ते पाणी बदलल्याशिवाय निघत नाही, आणि दोनेक महिन्यांत किटवर क्लोरीन भरपूर दिसूनही पाणी बिघडायला लागतं. गरम टबात सायन्यूरिक नकोच, असं सीडीसीचं म्हणणं आहे.

८. चोवीस तासांची परीक्षा

टब साफ झाला का हे डोळ्यांनी कळत नाही, नितळ पाण्यातही जिवाणू असतात. घरच्या घरी करता येणारी परीक्षा अशी: क्लोरीन ५ पीपीएमवर आणा, तापमान नेहमीचं ठेवा, झाकण लावा, कोणीही उतरू नका. बरोबर २४ तासांनी मोजा. साधारण चौथा हिस्सा घटला तर ठीक. ओझोन यंत्र चालू असेल तर निम्म्यापर्यंत घट चालते, कारण ओझोन स्वतःच क्लोरीन खातं. शून्यावर आलं, किंवा टोटल आणि फ्री यांत ०.५ पीपीएमपेक्षा जास्त फरक पडला, तर थर शिल्लक आहे. पुन्हा पर्ज. हे कंटाळवाणं आहे खरं, पण या परीक्षेत नापास झालेल्या टबात लहान मुलांना सोडण्यात अर्थ नाही.

खात्रीच हवी असेल, विशेषतः टब भाड्याच्या बंगल्यात असेल, तर पाणी तपासणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत लेजिओनेला आणि स्यूडोमोनासची चाचणी मागा. नमुन्याची बाटली त्यांच्याकडूनच घ्या, तिच्यात क्लोरीन मारणारं रसायन घातलेलं असतं. ते नसेल तर वाटेतच जिवाणू मरून निकाल खोटा चांगला येतो.

९. उतरायला लागल्यावर

तापमान ४० अंशांच्या वर नको. गरोदर बायका आणि पाच वर्षांखालची मुलं टबात नकोत. उतरण्याआधी साबणाने अंघोळ, अंगाला तेल लावून तर नाहीच. तेल, सनस्क्रीन आणि घाम हेच नव्या थराचं खाद्य. उतरण्याआधी क्लोरीन मोजा, बाहेर आल्यावर भर घाला. ओझोन किंवा यूव्ही आहे म्हणून क्लोरीन लागत नाही असं विकणारे सांगतात, ऐकू नका. ही यंत्रं त्यांच्यातून जाणाऱ्या पाण्यावर काम करतात, पाइपच्या भिंतीवर नाही. आणि क्लोरीनचा उग्र वास म्हणजे क्लोरीन भरपूर, हाही गैरसमज. तो वास घाम-लघवीशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो, म्हणजे खरं क्लोरीन कमी पडतंय.

पाणी किती दिवसांनी बदलायचं? लिटरला १२ ने भागा, आलेल्या आकड्याला रोज उतरणाऱ्या माणसांनी भागा. १,२०० लिटरमध्ये रोज चार माणसं असतील तर २५ दिवस. दर वेळी बदलण्याआधी पर्ज करा. भाड्याच्या बंगल्यात हा हिशेब लावू नका. ब्रिटनच्या एचएसजी २८२ या मार्गदर्शिकेप्रमाणे तिथे पाहुण्यांचा प्रत्येक गट गेला की, आणि निदान दर आठवड्याला, पाणी बदलायचं असतं. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांवर चालणाऱ्या आपल्याकडच्या बंगल्यांनी यापेक्षा ढिलं राहू नये.

टबात बसल्यानंतर २ ते १४ दिवसांत ताप, कोरडा खोकला, धाप, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना 'गरम पाण्याच्या टबात बसलो होतो' हे आपणहून सांगा. साध्या न्यूमोनियाला सुरुवातीला देतात ती काही अँटिबायोटिक्स लेजिओनेलावर चालत नाहीत, आणि त्याची लघवीची तपासणी कोणी सांगितल्याशिवाय होत नाही.

पावसाळ्यात बंद राहणारा बंगला

जूनमध्ये कुलूप आणि ऑक्टोबरमध्ये दिवाळीला उघडणार, असा टब नव्यासारखाच समजा. बंद करताना पाचव्या पायरीप्रमाणे व्हॅक्यूमने कोरडा करा आणि फिल्टर उन्हात वाळवून घरात ठेवा. उघडताना चौथीपासून आठवीपर्यंत सगळं. अर्धवट पाण्यात, वीज बंद करून ठेवलेला टब हा सर्वांत वाईट पर्याय.

बाथरूममधला जेटचा टब

याला फिल्टर नसतो, दर वेळी पाणी सोडून देतात, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण पाइपांतलं पाणी यातही राहतं, आणि पुढच्या वेळी जेट लावला की तेच तोंडावर येतं. नव्या टबात जेटच्या वर चार बोटं गरम पाणी भरा, पर्ज घालून १५ मिनिटं हवा बंद आणि १५ मिनिटं हवा उघडी चालवा, पाणी सोडून द्या. मग गार पाणी भरून २० पीपीएमच्या हिशेबाने हायपो घाला. २०० लिटरच्या टबला १० टक्के हायपो ४० मिलि. पंधरा मिनिटं चालवून तासभर तसंच ठेवा, परत पाच मिनिटं चालवून सोडा आणि साध्या पाण्याने एकदा फिरवून काढा. एक्झॉस्ट फॅन चालू, दार बंद, तुम्ही बाहेर. वापर रोजचा असेल तर हे दर पंधरवड्याला करा. महिनाभर वापरलाच नसेल तर उतरण्याआधी. फेसाचा साबण किंवा अंघोळीचं तेल घालून जेट लावत असाल तर पंधरवडाही लांबचा, आठवड्याला करा.